हमालाची नडगी आणि लेन यांची पट्टी

टेम्स नदीवरच्या गोदीतले हमाल पाय मोडला की लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये येत. खपच्या बांधून त्यांना कित्येक आठवडे खाटेवर ठेवले जाई. हाड जुळे, पण अनेकदा वाकडे किंवा आखूड. डॉक्टरांच्या लेखी तो रुग्ण बरा झालेला असे. हमालाला मात्र पूर्वीसारखे ओझे पेलत नसे आणि मजुरी घटत असे. विल्यम आर्बथनॉट लेन या सर्जनला हे बोचले.

लेन यांचा जन्म १८५६ चा, स्कॉटलंडमधला; वडील लष्करात डॉक्टर. शवविच्छेदन करताना मोची, हमाल अशा कष्टकऱ्यांच्या हाडांवर कामाच्या खुणा कशा उमटतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. हाडाची रेषा जरा चुकली तर वरखालच्या सांध्यांचे काय होते, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

१८९० च्या दशकात ते मोडलेली नडगी उघडून स्क्रूने जोडू लागले. पुढे पोलादी पट्टी, म्हणजे आजच्या भाषेत प्लेट, बसवू लागले. कातडी शाबूत असताना तिथे चाकू लावणे तेव्हा अविचार समजला जाई. अँटिबायोटिक नव्हती, पू झाला तर पाय जाई, कधी जीवही. लेन यांनी लांब दांड्यांची हत्यारे करवून घेतली. हातमोजा घातलेले बोटसुद्धा जखमेला लावायचे नाही, हा त्यांचा दंडक होता.

जंतूंना त्यांनी रोखले, दगा दिला तो धातूने. त्यांची पट्टी मधोमध अरुंद होती आणि बरोबर तिथेच, मोडलेल्या जागेवर, सगळा ताण येई. जास्त कार्बनचे ते पोलाद कडक पण ठिसूळ होते; शरीरातल्या खारट द्रवात ते गंजत असे. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. प्लेटचेही तसेच आहे. हाड जुळेपर्यंतच तिने भार वाहायचा असतो. जुळणे लांबले तर प्रत्येक पावलागणिक धातू थकत जातो. आजही प्लेट तुटली की रुग्ण मालाला दोष देतात, पण एक्स-रेमध्ये बहुधा हाडच जुळलेले नसते.

१९१२ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या शर्मन यांनी पट्टीचा आकार सुधारला आणि ती चिवट व्हॅनेडियम पोलादात बनवली. ते एका पोलाद कंपनीचेच सर्जन होते, हे विशेष!

लेन यांचे लक्ष तोवर मोठ्या आतड्याकडे वळले होते. बद्धकोष्ठतेसाठी आतडेच कापून टाकण्याचा त्यांचा हट्ट ही त्यांची मोठी चूक. नंतर मात्र ते कोंड्याची पोळी शोभेल असा आहार, म्हणजे कोंडा, फळे आणि भाज्या, लोकांना सांगू लागले; त्यासाठी १९२५ मध्ये त्यांनी संस्थाही काढली. १९४३ मध्ये ते वारले. तोवर स्टेनलेस स्टील आले होते आणि जर्मनीत क्युन्शर हाडाच्या पोकळीतच सळई बसवू लागले होते. तीही कधी कधी वाकत असे, तुटत असे.