नाव विकले गेले, मोटार उरली

लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहातील १९३० सालच्या मोटार प्रदर्शनात एक अवाढव्य चासी मांडण्यात आली होती. सहा सिलिंडर, ७९८३ घन सेंटीमीटरचे इंजिन आणि किंमत १८५० पौंड. ही किंमत केवळ चासीची. त्यावरचा टप गिर्‍हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून वेगळे पैसे मोजून बांधून घ्यायचा, अशी त्या काळच्या श्रीमंती मोटारींची रीत होती. टप कितीही जड, ऐसपैस आणि बंदिस्त असला तरी ही मोटार ताशी १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा वेग गाठेल आणि तोही फारसा आवाज न करता, अशी हमी तिचे निर्माते देत होते. मराठी कानांना ‘सलून’ म्हटले की न्हाव्याची खुर्ची आठवते. इंग्रजांच्या लेखी मात्र सलून म्हणजे चार दारांची, पक्क्या छताची घरगुती मोटार. अशा मोटारीने शर्यतीच्या गाडीचा वेग गाठावा, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. ‘बेंटले ८ लिटर’ या नावाने ओळखल्या जाणार्‍या या मोटारीच्या अवघ्या १०० चासी तयार झाल्या. त्यानंतर वर्षभरातच तो कारखाना बंद पडला आणि ज्याच्या नावाने ही मोटार निघाली, त्या वॉल्टर ओवेन बेंटले यांच्या हातून त्यांचे स्वतःचे नावही गेले.

डब्ल्यू. ओ. या आद्याक्षरांनीच सर्वत्र ओळखले गेलेले बेंटले यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनमध्ये झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. घरची सुबत्ता होती. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजसारख्या नामवंत शाळेत त्यांना घालण्यात आले. मात्र त्यांचे मन लहानपणापासून आगगाडीच्या इंजिनांत गुंतले होते. वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते डॉनकॅस्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीसाठी दाखल झाले. उमेदवारीसाठी फी भरावी लागे आणि कामगारांच्या बरोबरीने राबावेही लागे. ओतकाम, जुळणी, दुरुस्ती असे सारे शिकत त्यांनी पाच वर्षे काढली आणि अखेरीस इंजिनावर फायरमन म्हणून भट्टीत कोळसा ओतण्याचे कामही केले. धातूचे वजन, ताण आणि टिकाऊपणा यांविषयीची त्यांची समज या काळात घडली. पुढे त्यांच्या मोटारी दणकट, भारदस्त आणि काहीशा बोजड निघाल्या, तेव्हा हलक्या, नाजूक मोटारी बनवणारे एत्तोरे बुगाटी यांनी त्यांची तुलना वेगवान मालट्रकशी केल्याचे सांगितले जाते. हा टोमणा अगदीच अस्थानी नव्हता. आगगाडीच्या इंजिनावर वाढलेल्या माणसाने मोटार केली, तर ती अशीच होणार.

रेल्वेत पुढे फारशी मिळकत नाही, हे उमगल्यावर १९१० मध्ये त्यांनी ती वाट सोडली. तोवर मोटारसायकलचा नाद लागलाच होता. आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते दोनदा उतरले आणि दोन्ही वेळा शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. त्यानंतर लंडनच्या एका टॅक्सी कंपनीत अडीचशे गाड्यांच्या देखभालीचे काम त्यांनी पाहिले. १९१२ मध्ये भाऊ हॉरेस मिलनर यांच्यासमवेत त्यांनी डीएफपी या फ्रेंच मोटारींची विक्री हाती घेतली. या मोटारी तशा साधारणच. त्या खपवायच्या तर त्यांचे नाव शर्यतींतून गाजवले पाहिजे, असा या भावांचा हिशेब होता.

१९१३ मध्ये डब्ल्यू. ओ. या मोटारींच्या फ्रान्समधील कारखान्यात गेले असताना तेथील एका मेजावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पिस्टन त्यांच्या नजरेस पडला. त्या काळी पिस्टन ओतीव लोखंडाचे किंवा पोलादाचे असत. हलक्या धातूचा पिस्टन वेगाने वरखाली होऊ शकेल आणि उष्णताही लवकर बाहेर टाकेल. प्रश्न होता तो वितळण्याचा व ठिसूळपणाचा. अ‍ॅल्युमिनियममध्ये १२ टक्के तांबे मिसळून डब्ल्यू. ओ. यांनी हा प्रश्न सोडवला. असे पिस्टन बसवलेल्या डीएफपीने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर विक्रम केले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच हे गुपित त्यांनी स्वतःपाशी न ठेवता नौदलाच्या हवाई विभागाकडे नेले. रोल्स-रॉइस आणि सनबीम यांच्या विमान इंजिनांतही असे पिस्टन आले. पुढे खुद्द डब्ल्यू. ओ. यांनी आखलेली बीआर-१ आणि बीआर-२ ही इंजिने सॉपविथ कॅमल आणि स्नाइप या लढाऊ विमानांवर बसवण्यात आली. युद्धानंतर त्यांना एमबीई हा किताब आणि संशोधकांसाठी नेमलेल्या आयोगाकडून ८००० पौंड मिळाले. ज्या रोल्स-रॉइसला त्यांनी पिस्टनची माहिती दिली, तिच्याशी त्यांचा संबंध येथे संपणार नव्हता.

१९१९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात सुखदुःखाची विचित्र सरमिसळ घेऊन आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी लिओनी इन्फ्लुएंझाच्या साथीत दगावल्या आणि त्याच वर्षी बेंटले मोटर्स ही कंपनी स्थापन झाली. बेकर स्ट्रीटजवळच्या एका बोळातील जागेत फ्रँक बर्जेस आणि हॅरी व्हार्ली या सहकार्‍यांसह त्यांनी तीन लिटरचे इंजिन उभे केले. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग ही रचना तेव्हा शर्यतीच्या गाड्यांतच आढळे. नोव्हेंबरमधील प्रदर्शनात चासी मांडली गेली, तेव्हा इंजिन अजून पूर्णही झालेले नव्हते. पहिली मोटार गिर्‍हाइकाच्या हाती पडायला १९२१ चा सप्टेंबर उजाडला. उत्तर लंडनमधील क्रिकलवूड येथे कारखाना निघाला खरा, पण भांडवलाची चणचण पहिल्या दिवसापासून होती. डब्ल्यू. ओ. हे उत्तम अभियंते होते. पैसा राखणे त्यांना कधीच जमले नाही. चासीवर पाच वर्षांची हमी देणे गिर्‍हाइकाला सुखावणारे असले, तरी तंगीतल्या कंपनीला ते परवडणारे नव्हते.

फ्रान्समधील ल मान्स येथे १९२३ मध्ये चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, तेव्हा दिवसरात्र मोटार पिटाळणे हा डब्ल्यू. ओ. यांना निव्वळ वेडेपणा वाटला होता. जॉन डफ या हौशी चालकाने स्वतःच्या हिमतीवर आपली बेंटले तेथे नेली. डब्ल्यू. ओ. पाहायला गेले आणि तिथलेच होऊन गेले. पुढच्याच वर्षी डफ आणि फ्रँक क्लेमंट यांनी शर्यत जिंकली. १९२७ मध्ये बेंटलेच्या तिन्ही गाड्या व्हाइट हाउस वळणावरील एकाच अपघातात सापडल्या. त्यांतील वाकलेल्या, एक दिवा फुटलेल्या एका गाडीने रात्रभर झुंज देऊन विजय मिळवला. त्यानिमित्त लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात झालेल्या मेजवानीत ती मोटार सन्माननीय पाहुणी म्हणून दालनात आणून उभी करण्यात आली. १९२८, १९२९ आणि १९३० चे विजयही बेंटलेचेच; १९२९ मध्ये तर पहिले चारही क्रमांक. ‘बेंटले बॉइज’ म्हणून गाजलेले हे चालक श्रीमंत, बेफिकीर आणि मेजवान्यांत रमणारे होते. त्यांच्या घोळक्यात पाईप ओढत उभे असलेले, मितभाषी, लाजरेबुजरे डब्ल्यू. ओ. वेगळेच दिसत.

याच चालकांपैकी वुल्फ बार्नाटो हे दक्षिण आफ्रिकेतील हिर्‍यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचे वारस होते. १९२६ मध्ये त्यांनी कंपनीत पैसा ओतून तिला वाचवले आणि तिची मालकीही त्यांच्याकडे गेली. डब्ल्यू. ओ. त्या दिवसापासून स्वतःच्याच कंपनीत नोकर झाले. त्यांचे म्हणणे डावलले जाण्याचा ठळक प्रसंग सुपरचार्जरचा. टिम बर्किन या चालकाला साडेचार लिटरच्या इंजिनावर दाबाने हवा भरणारा ‘ब्लोअर’ बसवायचा होता. इंजिनाची ताकद वाढवायची तर त्याचे आकारमान वाढवावे, असे मत असलेल्या डब्ल्यू. ओ. यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. बार्नाटो यांनी तिला मान्यता दिली. ब्लोअर बेंटलेला ल मान्सचा विजय कधीच मिळाला नाही, पण शौकिनांच्या मनात तीच घर करून बसली. इयान फ्लेमिंग यांनी कादंबरीतील जेम्स बाँडला प्रथम दिली ती ब्लोअर बेंटलेच. बर्किन यांची एक ब्लोअर २०१२ मध्ये लिलावात ५० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. निर्मात्याला जी नकोशी होती, तीच त्याची ओळख बनावी, हा दैवदुर्विलास म्हणायचा.

डब्ल्यू. ओ. यांचे मन होते ते मोठ्या, शांत, सहा सिलिंडरच्या मोटारीत. तिची कथा १९२४ मधील. फ्रान्समध्ये नव्या मोटारीची चाचणी घेत परतताना त्यांना रस्त्यात रोल्स-रॉइसची अशीच एक गुप्त चाचणी मोटार भेटली. दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांना ओळखले आणि धुळीच्या रस्त्यावर खासी शर्यत जुंपली. कोणीच कोणाला मागे टाकेना. समोरच्या गाडीतील एकाची टोपी उडाली म्हणून ती थांबली, एवढ्यावरच हा सामना मिटला. आपली मोटार रोल्स-रॉइसच्या केवळ बरोबरीची आहे, हे डब्ल्यू. ओ. यांना पुरेसे नव्हते. त्यांनी इंजिन साडेसहा लिटरपर्यंत वाढवले. त्यातून ‘स्पीड सिक्स’ निघाली आणि पुढे आठ लिटर.

अडीच टनांच्या घरातील ही सलून मोटार टॉप गिअरमध्ये माणसाच्या चालीने सरकू शकत असे आणि त्याच गिअरमध्ये शंभर मैलांपलीकडे जात असे. वेगवान मोटार म्हटली की खडखडाट, वारा आणि तेलाचे शिंतोडे हे समीकरण तिने मोडले. मात्र न्यूयॉर्कचा शेअर बाजार १९२९ मध्येच कोसळला होता आणि जागतिक मंदीत अशा मोटारीला गिर्‍हाइके कोठून मिळणार? स्वस्तातली म्हणून १९३१ मध्ये काढलेली चार लिटरची बेंटले डब्ल्यू. ओ. यांना कधीच आपली वाटली नाही. तीही चालली नाही. जुलै १९३१ मध्ये गहाणाचा हप्ता थकला. बार्नाटो यांनी आणखी पैसे घालण्यास नकार दिला आणि कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

नेपियर ही विमान इंजिने बनवणारी कंपनी बेंटले विकत घेणार, हे जवळपास ठरल्यासारखेच होते. डब्ल्यू. ओ. यांनी नव्या नेपियर-बेंटलेचे आराखडेही सुरू केले होते. नोव्हेंबरमध्ये न्यायालयात औपचारिक मंजुरी मिळायची तेवढी बाकी होती. ऐनवेळी ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट नावाच्या एका अपरिचित संस्थेने अधिक बोली लावली. न्यायालयाने मोहोरबंद बोली मागवल्या आणि सुमारे सव्वा लाख पौंडांना बेंटले मोटर्स त्या ट्रस्टकडे गेली. ट्रस्टच्या आडून खरेदी करणारा कोण, हे लगेच कोणाला कळले नाही. तो रोल्स-रॉइस होता. आठ लिटरचे उत्पादन तत्काळ थांबवण्यात आले आणि क्रिकलवूडचा कारखाना बंद झाला. फँटमला तोडीस तोड अशी एकमेव इंग्लिश मोटार बाजारातून गेली.

मालमत्तेबरोबर डब्ल्यू. ओ. यांचा नोकरीचा करारही नव्या मालकांकडे आला. बेंटले हे नाव मोटारीला वापरण्याचा हक्क आता रोल्स-रॉइसचा होता. त्यांची स्वतःची आठ लिटर सलूनही, ती कंपनीची असल्याने, त्यांना परत द्यावी लागली. त्याच वर्षी त्यांचा दुसरा विवाहही संपुष्टात आला. १९३३ मध्ये रोल्स-रॉइसने डर्बी येथे बनवलेली साडेतीन लिटरची नवी ‘बेंटले’ बाजारात आणली. तिच्या आराखड्यात डब्ल्यू. ओ. यांना स्थान नव्हते. चाचणीसाठी मोटारी चालवणे आणि अभिप्राय देणे, एवढेच काम त्यांच्याकडे होते. ती मोटार चांगली असल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते.

करार संपताच १९३५ मध्ये ते लगोंडा कंपनीत गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली बारा सिलिंडरचे ४४८० घन सेंटीमीटरचे इंजिन तयार झाले. या मोटारी १९३९ च्या ल मान्समध्ये तिसर्‍या आणि चौथ्या आल्या; त्यानंतर युद्ध आले. युद्धानंतरच्या नव्या मोटारीला ‘लगोंडा-बेंटले’ म्हणण्याचा प्रयत्न होताच रोल्स-रॉइसने न्यायालयात धाव घेतली आणि जिंकली. साठीच्या उंबरठ्यावरील माणसाला, त्याचे नाव त्याने वापरू नये, असे दुसर्‍यांदा ऐकावे लागले. तरीही या मोटारीसाठी आखलेले २.६ लिटरचे इंजिन वाया गेले नाही. १९४७ मध्ये डेव्हिड ब्राउन यांनी लगोंडा विकत घेतली ती मुख्यतः या इंजिनासाठी आणि १९५० मध्ये ते अ‍ॅस्टन मार्टिनच्या डीबी-२ मध्ये बसवले. युद्धोत्तर अ‍ॅस्टन मार्टिनची कीर्ती ज्या इंजिनावर उभी राहिली, ते असे बेंटले यांचे होते.

दरम्यान क्रिकलवूडच्या जुन्या मोटारींभोवती एक वेगळेच जग उभे राहत होते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या बेंटले ड्रायव्हर्स क्लबच्या मंडळींनी त्या भंगारातून, गॅरेजांतून शोधून काढल्या. डब्ल्यू. ओ. यांना या क्लबने अखेरपर्यंत मान दिला आणि मोठ्या कंपन्यांपासून दुरावलेला हा माणूस त्या मेळाव्यांत रमला. फॉरेस्ट लायसेट या सदस्याने १९५९ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, आपली उघडी, हलकी केलेली आठ लिटर बेल्जियममध्ये ताशी १४० मैलांनी पळवली. या प्रेमाची एक दुखरी बाजूही आहे. ल मान्सच्या आठवणींनी भारावलेल्या अनेकांनी आठ लिटरचे मूळ बंदिस्त टप उतरवून त्यांवर शर्यतीच्या गाड्यांसारखे उघडे टप चढवले. परिणामी, जी मोटार सलून म्हणून वेगवान होती हेच जिचे वैशिष्ट्य, तिचे मूळ सलून रूप आणखी दुर्मीळ झाले. जाणकार आता असे मूळ टप राखलेल्या मोटारींना जिवापाड जपतात.

डब्ल्यू. ओ. बेंटले यांचे १३ ऑगस्ट १९७१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. बेंटले हे नाव १९९८ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीकडे गेले. १९३१ मध्ये त्यांच्याकडून काढून घेण्यात आलेली, एच. जे. मुलिनर यांनी टप बांधलेली आठ लिटर सलून अनेक मालकांच्या हातांतून फिरत राहिली. २००६ मध्ये बेंटले कंपनीने ती विकत घेऊन आपल्या संग्रहात ठेवली.