डॉ. भाऊ दाजी लाड : एक पुण्यस्मरण

महाशिवरात्रीस अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जी यात्रा लोटते, तीत आपल्या ज्ञातीची अनेक कुटुंबे दरवर्षी भक्तिभावाने सामील होतात. वालधुनीच्या काठचे हे प्राचीन देवालय शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकीर्दीत उभे राहिले, असे तेथील शिलालेखावरून ठरले आहे. त्या लेखाचे वाचन प्रारंभीच्या काळात विद्वानांपुढे मांडणारे गृहस्थ पेशाने डॉक्टर होते आणि आपल्याच सारस्वत ज्ञातीत जन्मले होते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, गोमंतकातील पेडणे महालात, सामान्य परिस्थितीच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील मातीच्या बाहुल्या करून विकीत असत. मुलगा लहानपणापासून तैलबुद्धीचा होता. बुद्धिबळातील त्याची चमक एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली, आणि त्याला इंग्रजी शिक्षण द्यावे असे त्याने वडिलांच्या मनावर बिंबविले. कुटुंब मुंबईस आले. एल्फिन्स्टन संस्थेत भाऊंचे शिक्षण झाले व तेथेच ते शिक्षकही झाले. काठेवाड व कच्छ येथील बालकन्याहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले. शिक्षकाची स्थिर नोकरी पदरात असताना त्यांनी नवी वाट धरली, ती वैद्यकाची.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि त्याला लागूनच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीतून रुग्णालय उभे राहिले. कॉलेजचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड हे मोठ्या योग्यतेचे शिक्षक होते. विद्यार्थ्याने पुस्तकावर विसंबू नये, रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून रोज लक्षणे पाहावी, टिपून ठेवावी, रोगी दगावल्यास शवविच्छेदनाने आपले निदान पडताळून घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. अशाच टिपणांच्या आधारे त्यांनी हिंदुस्थानातील रोगांच्या चिकित्सेवर लिहिलेला ग्रंथ १८५६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. ज्याला आज रुग्णसंशोधन म्हणतात, त्याची आपल्या इलाख्यातील ती पायाभरणीच होय. १८५१ च्या सुमारास या कॉलेजातून पदवीधरांची जी पहिली छोटी तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ होते आणि पुढे प्रार्थना समाजाची स्थापना करणारे डॉ. आत्माराम पांडुरंग हेही होते.

भाऊंनी मुंबईत व्यवसाय थाटला व अल्पावधीत त्यांचा जम बसला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साह्याने त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. परंतु केवळ द्रव्यार्जनात समाधान मानणारा हा पुरुष नव्हता. संस्कृतातील वैद्यकग्रंथ त्यांनी अभ्यासिले, आणि प्राचीनांनी ज्या औषधींची थोरवी गायिली, त्या खरोखरच गुणकारी आहेत काय, हे रोग्यांवर पाहण्यास आरंभ केला. जुने म्हणून सोने, असे ते मानीत नसत. आणि जुने म्हणून टाकाऊ, असेही मानीत नसत.

या शोधात त्यांनी महारोगाकडे विशेष लक्ष दिले. त्या काळी महारोग झालेल्या माणसास घरचे दार बंद होई, गावची वेस बंद होई, आणि डॉक्टरापाशीही त्याला देण्याजोगे फारसे काही नसे. अशा रोग्यांना भाऊंनी जवळ केले. त्यांच्या औषधाने कित्येकांना उतार पडतो, अशी त्यांची कीर्ती झाली. ते औषध म्हणजे कडू कवठीच्या बियांचे तेल होय. याच जातीच्या वृक्षाचे, तुवरकाचे, कुष्ठावरील गुण सुश्रुतसंहितेत सांगितलेले आहेत.

येथे आम्हांस एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. कारण चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे. आपल्या उपायाची कृती भाऊंनी हयातीत छापून प्रसिद्ध केली नाही. त्यांच्या काळच्या डॉक्टरांनी यासाठी त्यांस नावेही ठेविली. दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या डॉक्टरच्या हातून तोच उपाय पडताळला जाण्याचा मार्ग त्यामुळे खुंटला. त्याच ग्रँट कॉलेजात शिकविणारे डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हेही महारोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने १८७४ मध्ये जगापुढे ठेविली. नॉर्वेत डॉ. हॅन्सेन यांना महारोगाचे जंतू दिसले ते १८७३ मध्ये. शोध असा ऐन भरात आला असताना भाऊंना अर्धांगवायूने ग्रासले, आणि मे १८७४ मध्ये त्यांचा अंत झाला.

आता अंबरनाथच्या लेखाकडे वळू. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत भाऊंनी प्राचीन लेखांवर व नाण्यांवर पुष्कळ परिश्रम केले. अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचले, तसाच हाही वाचला, आणि त्याचे वाचन सोसायटीच्या नियतकालिकात छापले. त्यांनी त्यातील शक ७८२ असा लाविला होता. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी हे भाऊंचेच साहाय्यक. भाऊंसाठी हिंदुस्थानभर हिंडून त्यांनी लेखांचे ठसे आणले होते. भाऊंच्या पश्चात या पंडितांनी तोच लेख पुन्हा बारकाईने पाहिला, आणि शतकाचा आकडा सात नसून नऊ आहे, असे दाखवून दिले. मंदिराचे वय एका अंकाने दोनशे वर्षे कमी झाले.

यात गुरूचा कमीपणा नाही, असे आमचे मत आहे. भाऊंनी वाचन छापले होते, म्हणूनच शिष्याला ते सुधारता आले. जे लिहून ठेविले, त्यातील चूकही पुढच्यांना उपयोगी पडली. जे मनात ठेविले, त्यातील सत्यही पुढच्यांना नव्याने धुंडाळावे लागले. याच जातीच्या बियांचे तेल पुढे जगभर महारोगावर दिले जाई, आणि १९४० नंतर सल्फोन औषधे येईतो तेच मुख्य साधन राहिले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली, आणि आज हा रोग पूर्ण बरा होतो. या दीर्घ इतिहासात भाऊंच्या रोग्यांची साक्ष सविस्तर छापील रूपात असती, तर त्यांचे नाव किती ठळक झाले असते!

भाऊंचे इतर कार्यही थोडके नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या मूळ सभासदांत ते होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या कित्येक घरांत काविळीचे, मुतखड्याचे वा विंचवाचे औषध पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते, आणि ते सांगितले तर गुण जातो, अशी समजूत असते. आमची विनंती अशी की, ज्यांच्यापाशी असे काही असेल त्यांनी ते लिहून काढावे, व आपल्यातील जे तरुण वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत त्यांच्या स्वाधीन करावे. आज रोग्याची संमती घेऊन, त्याला अपाय होऊ नये याची काळजी वाहून, नव्या औषधाची प्रचलित औषधाशी तुलना करण्याची शिस्त तेथे आहे. औषधात गुण असेल तर तो सिद्ध होईल. नसेल तर रोग्याचे मोलाचे दिवस वाया जाणार नाहीत. सांगितल्याने गुण जात नाही. न सांगितल्याने मात्र तो माणसाबरोबर जातो. भाऊंच्या स्मृतीस याहून उचित वंदन आम्हांस सुचत नाही.