गरीब रिचर्डचे पंचांग

अमेरिकेतील बॉस्टन शहरी, साबण व मेणबत्त्या करणाऱ्या एका कारागिराच्या घरी, १७ जानेवारी १७०६ रोजी बेंजामिन फ्रँकलिनचा जन्म झाला. बापाला एकंदर सतरा मुले. त्यामुळे बेंजामिनची शाळा दोन वर्षांतच संपली. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. आपले लिखाण भाऊ छापणार नाही, हे ओळखून तो एका विधवेच्या नावाने पत्रे लिही व रात्री ती छापखान्याच्या दाराखालून आत सरकवी. भाऊ व त्याचे मित्र त्या पत्रांची वाखाणणी करीत आणि हा पोरगा ती गुपचूप ऐके!

पुढे भावाशी न पटल्यामुळे १७२३ मध्ये तो फिलाडेल्फियास पळून गेला. तेथे त्याने स्वतःचा छापखाना काढला आणि १७३२ च्या अखेरीस एक पंचांग प्रसिद्ध केले. त्याचा कर्ता म्हणून नाव घातले रिचर्ड साँडर्स. हा रिचर्ड म्हणजे बायकोची बोलणी खाणारा एक कल्पित, गरीब ज्योतिषी. तारखांच्या मधल्या मोकळ्या जागा फ्रँकलिन छोट्या छोट्या वचनांनी भरून काढी. आळस, कर्ज, गर्व, इतकेच काय, मुक्काम लांबविणारा पाहुणाही त्याच्या विनोदातून सुटला नाही. यांतील बरीच वचने जुनीच होती. नाना देशांतील म्हणी घेऊन त्याने त्या घासूनपुसून चटकदार केल्या, आणि ही उसनवारी त्याने लपविलीही नाही. ज्यांच्या घरी दुसरे पुस्तक क्वचितच येई, असे लोक हे पंचांग घेत. दरसाल सुमारे दहा हजार प्रती खपत.

१७५८ च्या पंचांगात त्याने एक गंमतीचा प्रसंग रंगविला. लिलावासाठी जमलेल्या लोकांना एक म्हातारा रिचर्डचीच वचने ऐकवून काटकसरीचा उपदेश करतो. सारे माना डोलावतात आणि लिलाव सुरू होताच वारेमाप खरेदी करू लागतात! एकटा रिचर्ड तेवढा नव्या कोटाचे कापड न घेता घरी परततो.

उपदेश आचरणे किती अवघड, हे फ्रँकलिनला स्वानुभवाने ठाऊक होते. तेरा सद्गुणांची एक वही करून तो रोजच्या चुकांपुढे काळे ठिपके देई. नीटनेटकेपणा त्याला अखेरपर्यंत साधला नाही. पण याहून मोठी एक चूक त्या वहीत नव्हती. त्याच्या घरी गुलाम होते आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती त्याच्या वृत्तपत्रात छापल्या जात. ती चूक उमगण्यास त्याला फार वर्षे लागली. १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजारी फ्रँकलिनच्या सहीने, ही प्रथा बंद करण्याविषयीचा अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. काँग्रेसने तो मानला नाही. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फ्रँकलिनचे निधन झाले.