घुमट बांधणारे सोनार : फिलिप्पो ब्रुनेलेस्की



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर मोठा घुमट काढला होता. आमची सहल बीबी का मकबरा पाहून आली होती, म्हणून मला वाटलं तोच असेल. तर तो म्हणाला, नाही मॅडम, हे इटलीतलं चर्च आहे, दादाच्या लॅपटॉपवरच्या गेममध्ये आहे. गेमचं नाव काढल्याबरोबर मी त्याला रागावले. तो गप्प बसला. मधल्या सुट्टीत मात्र हळूच येऊन विचारून गेला, एवढ्या उंचावर सेंटरिंग कसं लावलं असेल? आपल्या वैजापुरात स्लॅब टाकताना खाली फळ्या आणि टेकू लावतात, ते त्याने पाहिलेलं आहे. मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना ज्या माणसाची ओळख झाली, त्याचं चरित्र आज तुमच्यासमोर मांडते.

फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांचा जन्म 1377 साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. वडील नोटरी होते. मुलानेही लिखापढीचं काम करावं अशी त्यांची इच्छा होती, पण फिलिप्पोंचा ओढा हस्तकलेकडे होता. ते सोनारकाम शिकले. दागिने, धातूवरचं कोरीवकाम, घड्याळांची यंत्रं यात त्यांचा हात बसला.

1401 मध्ये शहरातल्या एका जुन्या प्रार्थनागृहाच्या कांस्य दरवाजांसाठी स्पर्धा जाहीर झाली. ब्रुनेलेस्की तेव्हा ऐन चोविशीत होते. अंतिम लढत त्यांच्यात आणि लोरेन्झो गिबर्टी यांच्यात झाली आणि काम गिबर्टींना मिळालं. ही हार त्यांना फार लागली. मात्र ते नुसते रुसून बसले नाहीत. मूर्तिकार मित्र दोनातेल्लो यांच्यासोबत ते रोमला गेले आणि तिथल्या प्राचीन इमारतींचे अवशेष मोजत फिरले, असं त्यांचे जुने चरित्रकार सांगतात. जुन्या कमानी आणि घुमट उभे कसे राहिले, हे समजून घेण्याचा त्यांनी ध्यासच घेतला.

इकडे फ्लॉरेन्समध्ये एक अवघड प्रश्न पडून होता. सांता मारिया देल फियोरे या मोठ्या चर्चचं बांधकाम 1296 मध्ये सुरू झालं होतं. भिंती उभ्या राहिल्या, पण मधली सुमारे 45 मीटर रुंदीची जागा उघडीच होती. घुमटाची सुरुवातच जमिनीपासून 50 मीटरहून अधिक उंचीवर करायची होती. आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न आठवा! तेवढा लाकडी सांगाडा उभारायला लाकूड कुठून आणणार आणि तो स्वतःच्याच वजनाने टिकणार कसा? 1418 मध्ये यासाठी पुन्हा स्पर्धा झाली. ब्रुनेलेस्की यांनी सांगितलं की खालून सेंटरिंग न लावताच घुमट बांधता येईल. लोकांचा विश्वास बसेना. शेवटी काम त्यांच्याकडे आलं, पण जोडीला गिबर्टींनाही नेमलं. ज्यांच्याकडून हरलो, त्यांच्याच सोबत काम करायची वेळ आली!

1420 मध्ये काम सुरू झालं. युक्ती काय होती, ते थोडक्यात पाहू :

1. एकाऐवजी दोन घुमट, एकात एक. आतला जाड, बाहेरचा पातळ. त्यामुळे वजन कमी झालं. दोन्हींच्या मधून जिना काढला. आजही पर्यटक 463 पायऱ्या चढून वर जातात.

2. विटांची रचना माशाच्या काट्यासारखी. ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवल्या. त्यांनी आडव्या विटांना धरून ठेवलं, म्हणून चुना ओला असतानाही विटा घसरल्या नाहीत. एक फेरी पूर्ण झाली की ती स्वतःला सावरायची आणि गवंडी पुढची फेरी रचायचे.

3. घुमट फाकू नये म्हणून भिंतीत दगडी आणि लाकडी साखळ्या बसवल्या, जशा पिंपाला कड्या असतात.

4. ओझी वर नेण्यासाठी बैलांनी फिरवायचं यंत्र बनवलं. आपल्याकडे मोट हाकताना बैलांना धावेवरून मागे आणावं लागायचं. या यंत्रात बैल एकाच दिशेने चालत राहायचे. दातेरी चाक बदललं की ओझं वर जाण्याऐवजी खाली यायचं. घड्याळाच्या यंत्रांची जुनी ओळख इथे कामी आली.

सगळंच यशस्वी झालं असं नाही. संगमरवर आणण्यासाठी त्यांनी खास नाव बांधली होती, ती नदीत मालासह बुडाली. संघटनेची वर्गणी भरली नाही म्हणून 1434 मध्ये त्यांना काही दिवस कोठडीतही राहावं लागलं. तरी काम चालूच राहिलं आणि 1436 मध्ये घुमट पूर्ण झाला. त्याच्या माथ्यावरच्या दगडी मनोऱ्याचं काम सुरू होत असतानाच, 15 एप्रिल 1446 रोजी त्यांचं निधन झालं. ज्या चर्चला त्यांनी छत दिलं, तिथेच त्यांचं दफन झालं.

त्यांचं आणखी एक काम सांगायचं राहिलं. रोटेगाव स्टेशनच्या फलाटावरून रुळांकडे पाहा. दूर जाऊन ते एकत्र मिळाल्यासारखे दिसतात. सपाट कागदावर अशी खोली दाखवण्याला चित्रकलेत यथार्थदर्शन म्हणतात. ब्रुनेलेस्की यांनी एका फळीवर त्याच प्रार्थनागृहाचं चित्र काढलं आणि फळीला भोक पाडलं. मागून भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा. आरशातलं चित्र खऱ्या इमारतीसारखं दिसायचं! यथार्थदर्शनाचे नियम चित्रकारांमध्ये पसरले ते या प्रयोगानंतर.

तो गेम म्हणजे 2009 साली आलेला ‘असॅसिन्स क्रीड 2’. त्याची गोष्ट 1476 पासून, म्हणजे ब्रुनेलेस्की यांच्या निधनानंतर 30 वर्षांनी सुरू होते आणि त्यातला नायक या घुमटावर चढतो. पडद्यावर घुमट त्यांचा, आणि सपाट पडद्यावर तो खोल, खरा वाटतो त्यामागेही त्यांनी दाखवलेलेच नियम!

पालकहो, हा गेम मारामारीचा आणि मोठ्यांसाठीचा आहे, चौथीतल्या मुलाच्या हाती तो नसावाच. हे मी त्या मुलाच्या घरीही सांगितलं. पण गेम बंद करताना मी त्याचा प्रश्नही बंद करणार होते, ही माझी चूक होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात खडूच्या तुकड्यांचं गोल कडं रचायला लावलं. शेवटचा तुकडा घट्ट बसेपर्यंत कडं ढासळत होतं. बसल्यावर ते टिकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि तो मुलगा पुन्हा बोलायला लागला.

तुमच्या वर्गातही हा उपक्रम घेऊन पाहा. वेरूळची सहल झाली असेल तर एक प्रश्न जरूर विचारा : कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, हा घुमट खालून वर रचत नेला. दोन्हीत जास्त अवघड काय? उत्तर लगेच सांगू नका, मुलांना भांडू द्या.