पिलारच्या टेकडीवरील पाद्री आग्नेल

शेंदूरजनाघाटच्या बागाईतदारास कलमाची गोष्ट सांगावयास नको. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधिला, तरी फळासाठी कित्येक वर्षे धीर धरावा लागतो. आणि जो लावितो तोच खातो, असेही नाही. अशाच एका सेवकाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

गोव्यात जुवारी नदीनजीक गोवा वेल्हा नावाचे गाव आहे. कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण याच भागात होती. तेथील टेकडीवर 1613 साली फ्रान्सिस्कन संन्याशांनी मठ बांधिला, व स्पेन देशातील प्रसिद्ध देवस्थानावरून त्यास पिलार हे नाव पडले. पुढे 1835 साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातील संन्याशांचे संघ मोडून टाकिले आणि तो मठ ओस पडला. 1887 साली गोव्यातील काही पाद्र्यांनी आगोंद येथे सुवार्ताप्रसारासाठी एक लहानसा संघ स्थापिला. 1890 साली तो संघ पिलारच्या मठात राहावयास आला.

आग्नेल डिसोझा यांचा जन्म 21 जानेवारी 1869 रोजी बार्देस प्रांतातील हणजूण गावी झाला. लहानपणीच ते आईबापांस अंतरले. राशोलच्या धर्मविद्यालयात शिकून 1897 साली ते पिलारच्या संघास मिळाले, व पुढील वर्षी त्यांस पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. त्यांची पुढील अनेक वर्षे मठातच प्रार्थनेत व अभ्यासात गेली. नंतर कानडा प्रांतातील कुमठे व गोव्यातील सावर्डे येथे त्यांनी खेड्यापाड्यांतील लोकांची सेवा केली. 1918 पासून ते राशोल येथे भावी पाद्र्यांचे आत्मिक मार्गदर्शक होते. तेथेच 20 नोव्हेंबर 1927 रोजी, वयाच्या 58व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

इकडे त्यांचा संघ क्षीण होत चालला होता. त्याची भरभराट पाहणे आग्नेल यांच्या वाट्यास आले नाही. परंतु 1939 साली त्यांच्या अस्थी पिलारास आणिल्या, आणि त्याच वर्षी संघाची नव्याने घडी बसविण्यात आली. पुढे त्या संघाचे सेवक अंदमान बेटांपर्यंत गेले. 1986 साली रोमच्या धर्मपीठाने आग्नेल यांस पूज्य ही पदवी दिली. आज त्यांच्या कबरेपाशी यात्रेकरूंची रीघ लागते, व मुंबईत वांद्रे आणि पलीकडे वाशी येथील शाळा व तंत्रविद्यालये त्यांचे नाव चालवितात.

आमचा पंथ निराळा आहे. मृत संतांकडे मध्यस्थी मागणे आम्हांस मान्य नाही. तथापि ओसाड झालेल्या मठात, घटत्या सोबत्यांमध्ये जो आपले नेमलेले काम सोडीत नाही, त्याजपासून शिकण्यास पंथाची आडकाठी कशाला? ज्या उपदेशकाच्या गावी अद्याप चारच घरे प्रार्थनेस जमतात, त्याने कलम वाळले असे समजू नये. पाणी घालणे त्याच्याकडे आहे. वाढविणारा देव आहे.