जळचरांचे गाऱ्हाणे मांडणारी रेचेल कार्सन

(द्वितीय वर्ष, कला)

वाहते पाणी कधी बाटत नाही, अशी आपली फार जुनी समजूत आहे. नदीत काही टाकले की ते पुढे गेले, आणि पुढे गेले की नाहीसे झाले, असे मानूनच माणूस वागत आला. एवढ्याशा थेंबाने एवढ्या मोठ्या पाण्याचे काय बिघडणार, हा विचार शेतकऱ्यापासून कारखानदारापर्यंत सर्वांनाच सोयीचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील एका अबोल, प्रकृतीने नाजूक अशा बाईने या समजुतीला मोठा हादरा दिला. पाण्यात गेलेले विष संपत नाही. ते मुक्या जिवांच्या अंगात जाऊन बसते आणि तेथे साठत राहते, हे तिने साऱ्या जगाला कळेल अशा भाषेत सांगितले. तिचे नाव रेचेल कार्सन.

पर्यावरणाच्या तासाला सरांनी हे नाव ओझरते घेतले होते. पुढे ग्रंथालयात तिचे पुस्तक हाती लागले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते दीड महिन्यात वाचून काढले. विज्ञानातील बाईचे चरित्र कला शाखेच्या मुलीने कशाला लिहावे, असे कोणी विचारील. मित्रहो, त्याचे उत्तर तिच्या आयुष्यातच आहे.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या लहान गावी झाला. गाव अ‍ॅलेगेनी नदीकाठचे. वडिलांची ६५ एकर जमीन होती, पण घरात पैसा खेळत नव्हता. आई मरिया लग्नापूर्वी शिक्षिका होती. धाकट्या लेकीला घेऊन ती रानात आणि ओढ्याकाठी हिंडे. पक्ष्यांची, फुलांची, किड्यांची ओळख करून देई. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. तरीही पुस्तके वाचून या मुलीला समुद्राचे वेड लागले. अकराव्या वर्षी तिची एक गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. आपण लेखिका व्हायचे, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकले.

१९२५ मध्ये पिट्सबर्गच्या मुलींच्या कॉलेजात तिने नाव घातले, ते इंग्रजी विषय घेऊन. फीचे पैसे उभे करण्यासाठी आईने पियानोच्या शिकवण्या केल्या, घरातली चिनी मातीची चांगली भांडीसुद्धा विकली. हा मजकूर वाचला तेव्हा माझे वाचन काही वेळ थांबले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या वसतिगृहाच्या पैशांसाठी आईने दोन शेळ्यांपैकी एक बाजारात नेली होती. देश वेगळा, शतक वेगळे; पण लेकीच्या शिक्षणासाठी घरातली वस्तू उचलून बाजारात नेणारी आई सगळीकडे सारखीच असावी.

कॉलेजात मेरी स्कॉट स्किंकर नावाच्या प्राध्यापिका जीवशास्त्र शिकवीत. त्यांच्या शिकवण्याचा रेचेलवर एवढा परिणाम झाला, की तिने इंग्रजी सोडून जीवशास्त्र हा मुख्य विषय घेतला. १९२९ मध्ये ती पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेली. ज्या समुद्राची स्वप्ने पाहिली, तो तिने तेथे प्रथमच डोळे भरून पाहिला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ती प्राणिशास्त्रात एम. ए. झाली. पुढे डॉक्टरेट करण्याचा विचार होता. पण ते महामंदीचे दिवस होते. घर चालवण्यासाठी १९३४ मध्ये शिक्षण सोडावे लागले. १९३५ मध्ये वडील वारले आणि संसाराचा भार तिच्यावर आला.

याच वेळी लहानपणीची लेखणी कामाला आली. सरकारच्या मत्स्य खात्याला समुद्रातील जिवांविषयी रेडिओसाठी ५२ छोट्या श्रुतिका हव्या होत्या. शास्त्रज्ञांचे लेखन रूक्ष होई आणि लेखकांना मासे कळत नसत. रेचेलला दोन्ही येत होते. १९३६ मध्ये सरकारी परीक्षेत पहिली येऊन ती त्याच खात्यात कायम झाली. पुढच्याच वर्षी थोरली बहीण वारली आणि तिच्या दोन मुलींचा सांभाळही रेचेलने व तिच्या आईने पत्करला.

दिवसा कचेरी आणि रात्री लेखन, असा कार्सनबाईंचा क्रम अनेक वर्षे चालला. १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांचे पहिले पुस्तक आले. महिन्याभरात अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कोणी पाहिले नाही. त्यांनी धीर सोडला नाही. १९५१ मध्ये आलेले 'द सी अराउंड अस' हे समुद्रावरचे पुस्तक मात्र लोकांनी डोक्यावर घेतले. ते ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत होते. १९५२ मध्ये नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखिका झाल्या. १९५७ मध्ये भाची वारली, तेव्हा तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला पन्नाशीच्या घरात आलेल्या या अविवाहित बाईंनी दत्तक घेतले.

येथवरचे चरित्र एका कष्टाळू लेखिकेचे आहे. त्यांच्या खऱ्या कसोटीचा काळ यानंतर आला.

डीडीटी कीटकांना मारते, हे पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवले. त्याबद्दल त्याला १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धकाळात या पावडरीने टायफस आणि मलेरियापासून असंख्य माणसे वाचवली, हे नाकारता येत नाही. युद्ध संपल्यावर मात्र ती शेतांवर, जंगलांवर, तळ्यांवर विमानांतून फवारली जाऊ लागली. कार्सनबाईंना तेव्हाच शंका आली होती. १९४५ मध्ये त्यांनी 'रीडर्स डायजेस्ट'ला या विषयावर लेख देऊ केला; मासिकाने तो नाकारला. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या एका मैत्रिणीने कळवले, की डासांसाठी विमानातून फवारणी झाली आणि अंगणातले पक्षी मरून पडले. त्या पत्राने जुना विषय पुन्हा वर आला. बाईंनी शास्त्रज्ञांना पत्रे लिहिली, अहवाल मागवले, आकडे ताडून पाहिले. हे काम चार वर्षे चालले.

त्या अहवालांतील दोन हकिकती मला विसरता येत नाहीत.

पहिली कॅनडातील मिरामिची नदीची. सामन हा मासा समुद्रातून नदीत चढून येतो आणि थंड, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. १९५४ च्या जूनमध्ये झाडांचे कोंब खाणाऱ्या अळीसाठी तेथील जंगलावर विमानांतून एकरी अर्धा पौंड डीडीटी फवारले गेले. ओढे वगळण्याची काळजी कोणी घेतली नाही. दोन दिवसांत काठाला मेलेले मासे लागले. नदीच्या वायव्येकडील फाट्यात त्या वसंतात जन्मलेल्या सामनच्या पिलांपैकी एकही उरले नाही. जी मोठी पिले वाचली, त्यांच्यापुढे उपासमार उभी राहिली. कारण ज्या पाणकिड्यांवर ती जगत, तेही विषाने मेले होते. विष माशाला दोन वाटांनी मारते: एक त्याच्या मज्जातंतूंवर घाव घालून आणि दुसरी त्याच्या पुढचे ताट काढून घेऊन.

दुसरी हकिकत कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तळ्याची. तळ्यावर चिलटे फार. ती चावतसुद्धा नसत, पण येणाऱ्यांना त्रास होई. म्हणून १९४९ मध्ये डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी हे औषध तळ्यात सोडले. प्रमाण किती? सात कोटी भाग पाण्यात १ भाग. चिलटे पुन्हा आली, म्हणून १९५४ मध्ये आणि १९५७ मध्ये पाच कोटी भागांत १ भाग. एवढ्याने काय होणार, असेच सर्वांना वाटले. पण १९५४ च्या हिवाळ्यात ग्रीब पक्षी मरू लागले. शंभराहून अधिक मेलेले सापडले. ग्रीब म्हणजे आपल्या तळ्यांतल्या टिबुकलीच्या कुळातला, पण आकाराने बराच मोठा, मासे खाणारा पक्षी. त्याच्या चरबीची तपासणी झाली, तेव्हा दर १० लाख भागांत १,६०० भाग विष निघाले. पाण्यात होते त्याच्या ८० हजार पट!

हे कसे घडले? ही द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. चरबीत मात्र सहज विरघळतात आणि लवकर विघटित होत नाहीत. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांनी, म्हणजे प्लवकांनी, ती टिपली. त्यांच्यात १० लाखांत ५ भाग झाले. प्लवक खाणाऱ्या माशांत ४० ते ३०० भाग. ते मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत त्याहून अधिक, आणि शेवटी पक्ष्यांत. प्रत्येक जीव आपल्या आयुष्यात खाल्लेल्या सगळ्यांचे विष आपल्या अंगात जमा करतो. सावकाराच्या वहीत व्याज चढावे, तसे ते चढत जाते. तळ्यावर पूर्वी ग्रीबच्या हजारावर जोड्या घरटी करीत. १९६० मध्ये सुमारे ३० उरल्या आणि त्यांनाही पिले झालेली दिसली नाहीत. तळ्याचे पाणी मात्र स्वच्छच दिसत होते.

या हकिकती लिहीत असताना बाई स्वतः मृत्यूशी झुंजत होत्या. १९६० मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार, अंगातले त्राण गेलेले. तरी लेखन थांबले नाही. आजाराची वार्ता त्यांनी बाहेर फुटू दिली नाही. विरोधकांनी त्याचा उपयोग पुस्तकाविरुद्ध केला असता.

'सायलेंट स्प्रिंग', म्हणजे मुका झालेला वसंत, हे पुस्तक १९६२ च्या सप्टेंबरात आले आणि रसायन उद्योगात खळबळ माजली. एका कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. बाईंना डॉक्टरेट नाही, त्या भावनेच्या आहारी गेल्या आहेत, अविवाहित बाईला पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला, अशी टीका झाली. पुढच्या पिढीतला एक मुलगा त्यांच्याच घरात वाढत होता, हे टीकाकारांच्या ध्यानात आले नाही. खरे तर सर्व कीटकनाशके बंद करा, असे त्यांनी लिहिलेच नव्हते. परिणाम न पाहता, लोकांना न विचारता सरसकट विष ओतू नका, एवढेच त्यांचे मागणे होते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने मे १९६३ मध्ये अहवाल दिला. तो बाईंच्या बाजूचा ठरला. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढचा पुरावा त्यांना पाहता आला नाही. १९६७ मध्ये ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ झाल्याचे दाखवले. डीडीटीपासून बनणारे डीडीई कवचाला लागणारे कॅल्शियम मिळू देत नाही, आणि आई उबवायला बसली की तिच्याच भाराने अंडे फुटते. कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटावर १९७० मध्ये तपकिरी पाणकोळ्यांच्या पाचशेहून अधिक घरट्यांतून एकच पिल्लू उडाले. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली. अलास्का व हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत, पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या १९६३ मध्ये ४१७ जोड्या मोजल्या होत्या. २००७ मध्ये त्या ९,७०० च्या वर गेल्या आणि त्याचे नाव धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून निघाले. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला.

डीडीटी गेले, पण औषधांचे डबे गेले नाहीत. माझे वडील दुसऱ्यांच्या शेतात रोजाने फवारणी करतात. आमच्याकडे फवारणी झाली की पंप ओढ्यात धुण्याची रीत आहे. दुसऱ्या दिवशी डोहात बारीक मासे पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतात, आणि वस्तीतली मुले ते फुकटचे म्हणून घरी नेतात. डब्यावरची बारीक अक्षरे वडिलांना वाचता येत नाहीत. तेथला रंगीत त्रिकोण तेवढा ते ओळखतात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना क्लिअर लेकच्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. पाच कोटींत एक, हा हिशेब त्यांना काही पटेना. मग विहिरीत चिमूटभर, असे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. फवारणी तर सोडता येत नाही, त्यावरच घर चालते. पण आता पंप धुवायचे पाणी ते ओढ्यात जाऊ देत नाहीत. ओढ्यापासून लांब, पडीक जागी ओततात. गावातले बाकीचे पंप अजून ओढ्यातच धुतले जातात.

म्हणून हे चरित्र मला आमच्या अंकात असावेसे वाटले. क्लिअर लेकचे आकडे कार्सनबाईंनी शोधले नव्हते. ते शास्त्रज्ञांच्या अहवालांत पडून होते. त्यांनी ते वाचले, समजून घेतले आणि साध्या माणसाच्या भाषेत आणले. ज्यांचे आईवडील डब्यावरचे अक्षर वाचू शकत नाहीत, अशी कितीतरी मुले आमच्या वर्गात आहेत. भाषा शिकून काय करणार, असा प्रश्न आम्हांला घरीदारी नेहमी विचारला जातो. मुक्या जिवांना आपले गाऱ्हाणे लिहिता येत नाही आणि अहवाल गावापर्यंत चालत येत नाहीत. ते काम भाषा येणाऱ्यांनीच करायचे असते.