वर्षं मोजायची की कामं?

कॅम्पस सुरू झाला की आमच्या विंगमध्ये सबमिशन, केटी, व्हायवा सगळं मागे पडतं. रात्री मेसमधून आल्यावर एकच चर्चा. कोणाला किती पॅकेज आणि पहिल्या कंपनीत किती दिवस काढायचे? वर्षभर थांबायचं, अनुभवाचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि उडी मारायची, असं बहुमत आहे. दीड वर्षापेक्षा जास्त थांबला तो बावळट, हे आमच्या एका सिनियरने फोनवरून ठासून सांगितलंय.

माझ्या हातात एक ऑफर लेटर आहे. पाण्याच्या पाइपलाइनची कामं घेणारी कंपनी, साइटवर राहायचं, पगार बेताचा आणि दोन वर्षांचा बाँड. सही करू की नको, हे महिनाभर ठरत नव्हतं. कारण घरातलं एक उदाहरण डोळ्यासमोर होतं. थोरला भाऊ आयटीआय करून नाशिकला लागला. दोन वर्षांत तीन कारखाने बदलले. दर वेळी हजार-पाचशे वाढले, आम्हालाही बरं वाटलं. चौथ्या ठिकाणी इंटरव्ह्यूत विचारलं, की पहिल्यापासून शेवटपर्यंत तू केलेलं एखादं काम सांग. त्याला सांगता आलं नाही. आज तो ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे.

अशात अभियंता दिनाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. १५ सप्टेंबर म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा वाढदिवस, एवढंच मला माहीत होतं. लायब्ररीतून चरित्र काढलं ते भाषणासाठी, पण वाचत गेलो ते माझ्या सहीसाठी.

विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातले. वडील लहानपणीच गेले. बंगळूरला शिकवण्या करून ते १८८१ मध्ये बी. ए. झाले आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला आले. हेच कॉलेज पुढे सीओईपी म्हणून प्रसिद्ध झालं. १८८३ च्या शेवटच्या परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नोकरी लागली, आणि नेमणूक कुठे, तर नाशिकला! हे वाचून मी ताठ बसलो. आमचं पेठ नाशिकपासून सावळघाट उतरून पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून. पावसाळ्यात आमच्याकडे धो धो पाणी पडतं आणि सगळं पश्चिमेला वाहून जातं. एप्रिल-मेमध्ये आई डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरते. पाण्याचा इंजिनिअर कुठून सुरुवात करतो, हे आम्हाला नव्याने सांगायला नको.

नाशिकहून ते लवकरच खानदेशात गेले. तिथे पांझरा नदीच्या एका पात्राखालून पाणी न्यायचा पाइप सायफन बांधायचं काम आलं. ऐन पावसाळा, पात्रात पूर, खोदलेल्या जागी पुन्हा वाळू भरायची. त्यांनी काम पुढे ढकलायची परवानगी मागितली. वरच्या साहेबाला ते आवडलं नाही. नवा, विशीतला पोरगा, नाराज साहेब आणि नदीला पाणी. आपल्यातल्या कितीजणांनी त्याच रात्री बायोडाटा अपडेट केला असता! त्यांनी सायफन पुरा केला.

पुढची वर्षं ते एकाच खात्यात राहिले, पण एका खुर्चीत राहिले नाहीत. सिंधमध्ये सक्करची पाणीपुरवठा योजना, मग सुरत, मग पुणे. १८९८ मध्ये रजा घेऊन जपान पाहून आले. दख्खनच्या कालव्यांवर पाणी पाळीपाळीने आणि गटवार देण्याची ब्लॉक पद्धत आणली. १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या तलावावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पूर आला की आपोआप उघडायचे, पाणी उतरलं की मिटायचे. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठू लागलं. १९०६ मध्ये एडनला पाठवलं, तिथल्या पाण्याची आणि सांडपाण्याची योजना आखून दिली. कंपनी एकच, पण दर दोन-चार वर्षांनी नवं काम. आपण ज्यासाठी कंपनी बदलतो ते त्यांना खात्यातच मिळत गेलं, म्हणून ते चोवीस वर्षं थांबले.

मग १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. बरेच सिनियर ओलांडून ते वर आले होते, त्याची कुरबुरही होती. पण चीफ इंजिनिअरच्या खुर्चीत तेव्हा इंग्रजच बसायचा. आपली वाट इथे संपली, हे त्यांनी ओळखलं. पेन्शनला साधारण पंचवीस वर्षं लागत आणि यांची तेवढी भरली नव्हती. तरी अर्ज दिला. सरकारने पेन्शन मंजूर केली ही गोष्ट वेगळी, पण दुसरी नोकरी खिशात नसताना हा माणूस बाहेर पडला आणि परदेशातली कामं बघायला निघून गेला.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. निजाम सरकारचं बोलावणं त्यांना प्रवासात असतानाच गेलं. दौरा संपवून १९०९ च्या एप्रिलमध्ये ते तिथे पोचले. पूर अडवायला शहराच्या वर जलाशय बांधण्याची योजना आणि ड्रेनेजचा आराखडा तयार केला आणि साधारण सात महिन्यांत निघाले. आज उस्मानसागर आणि हिमायतसागर ज्या योजनेतून उभे आहेत ती हीच.

तिथून म्हैसूर. चीफ इंजिनिअरची जागा समोरून आली, तरी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. तांत्रिक शिक्षण आणि उद्योगधंद्यांत काही करायला मिळेल का, हे आधी विचारून घेतलं. १९०९ च्या अखेरीस रुजू झाले. १९११ मध्ये कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. १९१२ मध्ये ते दिवाण झाले. १९१३ मध्ये म्हैसूर बँक, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, १९१७ मध्ये बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज. १९१८ अखेर त्यांनी दिवाणगिरीही सोडली. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना जागा राखून ठेवायचं महाराजांच्या मनात होतं, यांना फक्त गुणवत्ता हवी होती. इथे मी सरांच्या बाजूने नाही. राखीव जागा नसती तर पेठचा आदिवासी पोरगा या होस्टेलात आला नसता आणि हा लेखही लिहिला गेला नसता. पण न पटणाऱ्या धोरणाची सही आपल्या हाताने करायची नाही म्हणून खुर्ची सोडणं, ही गोष्ट मी मानतो.

पुढे १९२३ पासून भद्रावतीच्या अडचणीतल्या लोखंड कारखान्याचा कारभार, टाटा स्टीलच्या संचालक मंडळावर बरीच वर्षं, १९५५ मध्ये भारतरत्न आणि १९६२ मध्ये शंभरी ओलांडून निरोप.

आता हिशोब मांडा. एका ठिकाणी चोवीस वर्षं, एका ठिकाणी सात महिने, एका ठिकाणी नऊ वर्षं. यातून दीड वर्षाचा किंवा तीन वर्षांचा काही नियम निघतो का? मला नाही सापडला. पण प्रत्येक ठिकाणी मागे काहीतरी पुरं झालेलं किंवा पुरं होईल असं दुसऱ्याच्या हाती दिलेलं दिसतं. आणि पुढची वाट बंद झाल्यावर रेंगाळणं कुठेच दिसत नाही.

एक फरकही सांगायला हवा. त्यांच्यामागे सांभाळायला मुलंबाळं नव्हती. माझ्यामागे कर्ज आहे, भाऊ आहे. रिकाम्या खिशाने राजीनामा देणं मला झेपणार नाही. दुसरं पत्र हातात आल्यावरच मी पहिलं सोडेन, आणि यात लाज वाटायचं कारण नाही.

हे सगळं मी दिवाळीत वडिलांना सांगितलं. वडील छाटणीच्या हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जातात. ते म्हणाले, की बाग अर्धी छाटून गेलेल्या माणसाला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही. आणि मजुरी बुडवणाऱ्या मालकाकडे आपणही दुसऱ्यांदा जात नाही. मी तीनशे पानं वाचली होती. त्यांनी एकही नाही.

बाँडवर सही केली. दोन वर्षांत एक योजना मोजणीपासून नळाला पाणी येईपर्यंत बघायची, असं ठरवलंय. कंपनीने तेवढ्यात नुसतं हजेरीपत्रक भरायला बसवलं, तर बाँड संपल्यावर एक दिवसही थांबणार नाही. जुलैत साइटवर हजर व्हायचं आहे. तोवर घरी भाताची रोपं टाकायची आहेत.